बोडीकाठची जागा

"जागा देतो," जंगलखात्याचे नाकेदार गुणवंतराव म्हणाले, "पण जंगलातली एक काडी मोडाची नाई."

पोचूला खरंच वाटेना. जंगल राखीव झालं तेव्हापासून गावात नवं घर बांधायला बंदी होती. आहेत त्या घरांत राहा, वाढू नका, असा हुकूम. थोरल्या भावाच्या, चैतूच्या एका खोलीत दोन संसार कोंबले होते. पोचूची बायको सुकरी पोटुशी होती, आणि भावजयीनं परवाच साफ सांगितलं होतं, बाळंतपण करायचं तर गोठ्यात करा.

"कुठी देता, भाऊ?"

"बोडीच्या काठी. मोहाखाली."

बोडी म्हणजे गावाबाहेरचं लहानसं तळं. पोचूनं मान खाजवली. "तिथी लंगडी वाघीण पाण्याले येते म्हनते लोक."

गुणवंतराव हसले. "येऊ दे. तिचंच राज्य हाये आता. राखीव जंगलात वाघाले बंदूक दाखवाची नाई. त्यानं माणूस धरला तरच मारता येते. अन् ही बिचारी लोकाइचे बैल नेते, माणसाच्या वाटेले जात नाई. तू का बैल हायेस?"

ओसरीवरचे पाहुणे साहेबही हसले. ते नागपूरचे कोणी मोठे होते. बंदूक घेऊन नाक्यावर मुक्काम टाकून बसले होते आणि दिवसभर चहात बिस्किटं बुडवत होते. गुणवंतरावांना चांद्याला बदली हवी होती आणि ती या साहेबांच्या हाती होती, असं गाव म्हणे.

घरी सुकरीनं ऐकून घेतलं.

"कोंबडा मांगतला का नाकेदारानं?"

"नाई."

"मोहाची दारू?"

"काईच नाई मांगतलं वो."

"मंग मले भेव वाटते," सुकरी म्हणाली.

"दाणे ठेवून पाहू. दाणे सांगन."

घर बांधण्याआधी जागेला विचारायचं असतं. संध्याकाळी जमीन सारवायची, तांदळाच्या दाण्यांच्या जोड्या मांडायच्या आणि वर पानाचा द्रोण पालथा घालायचा. सकाळी जोड्या जुळलेल्या राहिल्या तर जागा माणसाला ठेवून घेते. विस्कटल्या तर तिथं चूलही मांडायची नाही. पोचूच्या बापानं असंच केलं होतं, आज्यानंही. नाक्यावरच्या ओसरीत बसून पोचूनं हे सगळं गुणवंतरावांना समजावून सांगितलं. त्यांनीही लेकरासारखं लक्ष देऊन ऐकलं.

संध्याकाळी दाणे मांडून आलेली दोघं सकाळी बोडीवर पोचली तेव्हा गुणवंतराव आधीच तिथं उभे होते. गस्तीवर निघाले होते म्हणाले.

"पाह्य बाबा तुहे दाणे. मी हात नाई लावला."

पोचूनं द्रोण उचलला. जोड्या एकमेकांना चिकटून, जशाच्या तशा. दाणे तेवढे आपल्या घरच्या कांडलेल्या तांदळापेक्षा पांढरे वाटले. दवानं धुतले असतील. सुकरीनं जमिनीला कपाळ टेकवलं. तिच्या चेहऱ्यावरचं भय गेलं.

मग गुणवंतरावांनी अटी सांगितल्या. कुंपण घालायचं नाही, हरणं पाण्याला येतात. कुत्रं पाळायचं नाही, जनावरं बुजतात. घर आणि बोडी यांच्यामधली झुडपं तोडायची नाहीत. रात्री अंगणात जाळ करायचा नाही.

"जंगल वाचलं तर आपण वाचू, पोचू."

पोचूनं हो म्हटलं. त्याला ते पटलंही. जंगलानं एवढी जागा दिली, तर एवढं तरी जंगलाचं ऐकायला हवं.

बदल्यात त्यांनी एकच काम सांगितलं. आगीवर नजर ठेवायला मचाण बांधून द्यायचं. मचाण बांधण्यात पोचूचा हात धरणारा त्या भागात कोणी नव्हता. त्यानं उंच झाड निवडलं, तर गुणवंतरावांनी समोरच्या येनाच्या झाडाचं खालचं बेचकं दाखवलं.

"आग पाहाची तं उंच पायजे, भाऊ. अन् तोंड पहाडाकडे."

"तोंड बोडीकडे ठेव. म्हणजे तुह्या घरावरही नजर राहीन."

पोचूनं त्यांना हात जोडले. रात्रभर बसणाऱ्याला टोचू नये म्हणून त्यानं मचाणावर भाताच्या तणसाची जाड गादी घातली. कुडाच्या भिंती, वर गवताचं छप्पर असं त्याचं घरही पावसाआधी उभं राहिलं. सुकरीनं दाराजवळ पाळणा टांगायला खुंटी ठोकून घेतली.

"पोरगं व्हाच्या आधीच खुंटी?" पोचूनं चिडवलं.

"चैतूभाऊच्या घरी खुंटीले जागा नोयती. इथी हाये, तं ठोकली. तुमच्या पोटात काऊन दुखते?"

दोघं राहायला गेली त्या दिवशी गुणवंतराव स्वतः येऊन गेले. जाताना म्हणाले, "काई कमी-जास्त झालं तं गावात बोंब मारू नको. पहिले माह्याकडे ये. गाव गोळा झालं का जंगल तुडवते."

तिसऱ्या सांजेला सुकरी पाण्याला गेली. पोचू आत दोर वळत होता. त्याला मडकं फुटल्याचा आवाज आला आणि तो हसला. हिच्या हातात मडकं टिकत नाही.

मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही.

बोडीवर खापऱ्या पडल्या होत्या. ज्या झुडपांना त्यानं कोयता लावला नव्हता, त्यांतून काही ओढत नेल्याची वाट गेली होती. चिखलात तीन पावलं खोल उमटली होती, चौथं अर्धवट.

त्यानं तोंड उघडलं, पण हाक मारली नाही. सांगितलेलं त्याला आठवलं. तो नाक्याकडे धावत सुटला.

गुणवंतराव बूट घालून पायरीवर बसले होते. ओसरीवर साहेबांचं ताट तसंच पडलं होतं, त्यात गिरणीचा पांढराशुभ्र भात. पोचू धापा टाकत पायरीशी येऊन थांबला.

"बोडीवरच ना?" गुणवंतरावांनी विचारलं.

पोचूनं मान हलवली.

त्यांनी त्याला खांद्याला धरून खाली बसवलं, स्वतःच्या हातानं पाणी पाजलं. मग उठून त्यांनी आतल्या खोलीचं दार लोटलं.

"साहेब, उठा," ते हळूच म्हणाले. "आता मारता येते."