पिक्चर संपेस्तोवर

"हलू नको गं बाई," उमादेवी पुटपुटली आणि तिनं लेकीचं मनगट आणखी आवळलं.

चोवीस वर्षांची महेश्वरी खुर्चीत पुढं-मागं झुलत होती. धाराशिवच्या थेटरात बाराचा खेळ सुरू होऊन दहा मिनिटंही झाली नव्हती. मागच्या बाईनं दोनदा खुर्चीला गुडघा मारला. उमादेवीनं मान वळवून माफी मागितली. हात जोडायचेही राहिले, दुसरा हात मोकळा कुठं होता?

अट नवऱ्याची, गुंडप्पाची होती. धाकटीचं, भुवनेश्वरीचं लग्न महिन्यावर आलेलं. मांडवात बँड वाजणार, अक्षता पडणार, पाचशे माणसं येणार. त्यात महेश्वरी कान झाकून ओरडत सुटली तर? म्हणून लग्नाचे चार दिवस तिला माकणीला, आत्याच्या घरी ठेवायचं त्यानं परस्पर ठरवून टाकलं. पत्रिकेचा नमुना आला तेव्हा घरच्यांच्या नावांत तिचं नावच नव्हतं. उमादेवी दोन दिवस जेवली नाही. शेवटी तो वैतागून म्हणाला, "त्या पिक्चरला नेऊ तिला. संपेस्तोवर जागची उठली न्हाय, तर घालतो नाव. उठली, की माकणी."

पिक्चर तसल्याच पोरीचा होता. तसल्याच, हा शब्द गुंडप्पाचा. सोलापूरच्या डॉक्टरांनी ऑटिझम म्हणून सांगितलं त्याला अठरा वर्षं झाली, पण ते नाव त्याच्या तोंडी कधी आलं नाही.

उमादेवीनं आठ दिवस तालीम घेतली. रोज दुपारी लेकीला पाटावर बसवायचं, मिक्सर लावायचा आणि तिचा हात घट्ट धरून ठेवायचा. शेंगदाण्याचा कूट इतका झाला की डबे पुरेनात. पण पोरगी पाटावरून उठली नाही. हात धरला की ती बसते, एवढं उमादेवीला कळलं होतं, आणि आज तेवढ्याच जोरावर ती थेटरात आली होती.

पडद्यावरची पोरगी भलतीच गोड होती. कुठलीही तारीख सांगा, वार सांगायची. घरादाराच्या टाळ्या. केस विस्कटलेले, पण तेही कुणीतरी तासभर बसून विस्कटल्यासारखे. उमादेवीला आधी हेवा वाटला, मग राग आला. महेश्वरीला वार-बिर काही सांगता येत नव्हते. तिला ताट तेच लागायचं, चादरीची घडी तिच्याच हातची लागायची, आणि नावं दिसली की ती वाचायची. दुकानांच्या पाट्या, एसटीच्या पाट्या. पत्रिकेचा नमुनाही तिनं गणपतीपासून छापखान्याच्या नावापर्यंत वाचला होता. एक नाव गाळलेलं तिला चालायचं नाही. स्वतःचं नाही, यावर मात्र ती काही बोलली नव्हती.

गुंडप्पाचा फोन वाजला. तो उठून बाहेर गेला. मांडववाला होता. परत आला, टेकला, पुन्हा वाजला. बँडवाला. मग आचारी. मग छापखान्याचा कुमार, "काका, घेऊ का छापायला?"

"पिक्चर संपला की सांगतो," गुंडप्पा म्हणाला.

मध्यंतरात सगळं थेटर उठलं. उमादेवीनं हात सोडला नाही. महेश्वरी मनगट पिळत होती, हिसडे देत होती. "थोडंच राहिलंय," आई म्हणत होती आणि पकड घट्ट करत होती. तिच्या स्वतःच्या बोटांना रग लागली होती.

शेवट आला. जत्रेत हरवलेली पोरगी सापडली आणि पडद्यावरच्या आईनं तिला कवटाळलं. ढोल, सनई, सगळं एकदम. थेटरात मुसमुस सुरू झाली. मागची बाईही नाक ओढायला लागली.

तेवढ्यात महेश्वरी मोठ्यानं म्हणाली, "सोड तिला. दुखतंय तिला. सोड."

कुणीतरी हसलं. गुंडप्पानं कपाळाला हात लावला. "झालं," तो म्हणाला आणि उठला.

उमादेवीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग तिनं पडद्याकडं नीट बघितलं. त्या मिठीत पोरीचे दोन्ही हात नुसते लोंबत होते. मुठी मिटलेल्या. तिनं खाली, आपल्या मांडीकडं बघितलं. महेश्वरीचीही मूठ तशीच मिटलेली होती.

तिनं हात सोडला. पळाली तर पळू दे, जाऊ दे माकणीला, पण हे नको.

महेश्वरी पळाली नाही. तिनं मनगट चोळलं, पाय वर घेऊन मांडी घातली आणि झुलायची थांबली. आईच्या बोटांचे चार लाल वळ उठले होते. अडीच तास पोरगी सुटायला बघत होती ती या बोटांतून. उमादेवीला स्वतःची चीड आली, आणि रडूही आलं.

दिवे लागले. पडद्यावर नावं वर सरकायला लागली. माणसं खुर्च्या आपटत निघाली. गुंडप्पा खुर्चीशेजारच्या वाटेत उभा राहून फोन लावत होता. "हां, कुमार, घे छापायला. हाय तसंच..."

"आवो, ती उठली न्हाय अजून," उमादेवी म्हणाली. "तुम्हीच उठलात."

महेश्वरीची नजर पडद्यावर होती. ओठ हलत होते. प्रकाशयोजना करणारे, कपडे शिवणारे, चहा देणारे, एकेक नाव ती वाचत होती. सगळ्या थेटरात बसलेली अशी ती आणि तिची आईच. तिनं बापाचा सदरा धरून खाली ओढला.

"अप्पा, बसा. संपला न्हाय. नावं राहिलीत."

गुंडप्पानं पोरीकडं बघितलं. मग हळूच तिच्या शेजारी बसला.

"थांब कुमार," तो फोनमध्ये म्हणाला. "एक नाव राहिलंय."