गुबगुबीत किडे

अरे ऐका ना, काल लॅबमध्ये माझा जीव नुसता टांगणीला लागला होता! नदीतला गाळ उपसून शाळेच्या मैदानात भरायचा होता. तो विषारी नाही ना, हे बघायला आम्ही त्याच्या आठ बरण्यांत झिंग्यांच्या जातीचे इवलेसे किडे सोडले होते, आणि तुलनेला तेच किडे स्वच्छ गाळाच्या बरण्यांतही. सहा आठवडे झाले, एकही मेला नाही. लांबी मोजली, तर नदीच्या गाळातलेच जास्त मोठे!

गाळ भरायचं काम घेतलेला कंत्राटदार खूश. "मॅडम, जावयासारखे सुटलेत बघा! करा अहवालावर सही, ट्रक भरून उभेत."

आमच्या लॅबच्या मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. मी घाबरत घाबरत म्हटलं, "मॅडम, पिल्लं मोजायची राहिलीत."

"वाढ मोजली ना? मग पिल्लांची काय नावं ठेवायचीत?" कंत्राटदार खेकसला.

मॅडम मला म्हणाल्या, "मोज. पटकन."

स्वच्छ गाळाची बरणी चाळणीवर ओतली. बारकी पिल्लं नुसती वळवळत होती, ऐंशीपर्यंत मोजली आणि पुढे हिशेबच चुकला. मग नदीच्या गाळाची ओतली. एकही नाही. दुसरी ओतली, तिसरी ओतली. आठही बरण्या झाल्या, एकीतही पिल्लू नाही.

"म्हणजे काय?" कंत्राटदाराचा आवाज खाली आला होता.

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. "या गाळात यांना पिल्लंच होत नाहीत. यांच्यामागे कोणीच नाही, म्हणून हे एवढे सुटलेत."