निरीक्षकाचा पाहुणचार

माझा नवरा नोदार मतदान केंद्राचा प्रमुख. निवडणुकीच्या सकाळीच तो परदेशी निरीक्षकाला घरी जेवायला घेऊन आला. आमच्या जॉर्जियात पाहुणा देवानं धाडलेला, आणि पेले भरले की मधेच उठायचं नसतं. पूर्वजांसाठी, मुलाबाळांसाठी, लोकशाहीसाठी ते पीत राहिले. मी चीज भरलेल्या रोट्या, खाचापुरी, भाजत राहिले.

संध्याकाळी ते उठले, तशी मी पिठाच्या हातांनीच त्यांच्यामागं केंद्रावर पळाले. मतदार यादीत माझ्या नावापुढं आधीच सही होती.

"अगं, तुझं मत केव्हाच पडलं," नोदार हसला. "पाहुण्याला सोडून तू आली असतीस होय?"

निकालावरून राजधानीत लोक रस्त्यावर उतरले. टीव्हीवर निरीक्षक म्हणाला, "मतदान चोख झालं. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय."


त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं ते एवढंच, की दिवसभर मी चुलीपुढून हलले नव्हते.