टाकीवरचा शब्द

"हाऊ ते मना शबद शे, माय," नाना म्हणाले आणि भरितासाठी कांद्याची पात निवडत राहिले.

हेमलताने शब्दकोशातून मान वर केली. धुळ्याच्या कॉलेजात ती इंग्रजी शिकवायची. दर सोमवारी फळ्यावर एक अनवट शब्द लिहायचा, अर्थ सांगायचा, वाक्यात वापरून दाखवायचा आणि खाली तो कुठून घेतला ते लिहायचं, हा तिचा शिरस्ता. उद्याचा शब्द होता 'अलेज'. भांड्यात काठाखाली मोकळी उरते ती जागा. बापाची गंमत करावी म्हणून तिने तो वाचून दाखवला होता, तर नाना म्हणे तो त्यांचाच शब्द.

नाना दीपनगरच्या वीजकेंद्रात होते, एवढंच ती कॉलेजात सांगायची. बत्तीस वर्षं ते तेलाच्या टाकीवर चढत. तेल डांबरासारखं दाट, मोजायची फीत तळापर्यंत सोडायची सोय नाही. मग वरच्या काठापासून तेलापर्यंतची रिकामी जागा मोजायची आणि टाकीच्या उंचीतून वजा करायची. त्या जागेला साहेबापासून हेल्परपर्यंत सगळे अलेजच म्हणत.

"रिकामं मोजं का भरेल समजस," नाना म्हणाले. मग मिश्कीलपणे त्यांनी विचारलं, उद्या फळ्यावर कोणाचं नाव टाकणार?

"शब्दकोशाचं," ती हसत म्हणाली.

"बराबर शे. छापेल ऱ्हास ते पोरे मानतस." त्यांनी निवडलेली पात तिच्यापुढे सरकवली. त्या दिवशी भरीत त्यांनी दोनदा मागून घेतलं.

सोमवारी सकाळी नानांनी चहा मागितला नाही.

तीन आठवड्यांनी हेमलता वर्गात उभी राहिली. नाना गेल्यापासून घरात तिला कुठे कुठे रिकामी जागा सापडली होती. ओट्यावरच्या खुर्चीत, चष्मा ठेवायच्या कोनाड्यात, दुपारच्या चहाच्या वेळेत. तिने फळ्यावर शब्द लिहिला. अर्थ लिहिला. त्याखाली खडू थांबला.

"मॅडम, कुठून घेतला ते राहिलं," पुढच्या बाकावरून कोकिळा म्हणाली.

हेमलता वर्गाकडे वळली.

"माझ्या वडिलांकडून. दीपनगरला ते टाकीवर चढून तेल मोजायचे." तिने खडू खाली ठेवला. "आणि वाक्यही त्यांचंच घ्या. रिकामं मोजलं, की भरलेलं किती होतं ते कळतं."