हाताने बदलू नका

सॉफ्टवेअर कंपनीतल्या टीम लीड बाईंचा पारा सकाळीच चढला होता. इस्पितळाच्या फॉर्मसाठी नात्यांची यादी मूळ तक्त्यात होती. एक कमांड दिली की जनरेटर नावाचा प्रोग्राम त्या तक्त्यावरून अख्खा ईनम क्लास, म्हणजे त्या यादीची कोडची फाईल, लिहून देई आणि फाईलच्या माथ्यावर बजावत असे, 'हाताने बदलू नका.' तरी टीममधल्या एकीने थेट त्या फाईलमध्येच एक ओळ खुपसली होती.

"वाचता येत नाही का तुला? तक्ता बदलायचा, फाईलला हात लावायचा नाही!"

"मॅडम, तक्ता बदलायची परवानगी महिनाभर मागतेय. ओळ काय आहे ती तरी बघा."

"मला बघायचीच नाहीये. शिस्त म्हणजे शिस्त!" बाईंनी तणतणत कमांड चालवली. खुपसलेली ओळ गेली आणि फाईल पुन्हा घासूनपुसून लख्ख झाली.

आठवड्याने शेजाऱ्यांचा फोन आला आणि बाई धावतपळत इस्पितळात पोचल्या. आईला ऑपरेशनला आत न्यायचं होतं, घरच्यांची सही हवी होती. खिडकीतल्या कारकुनाने स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. पती, वडील, मुलगा, भाऊ. यादी तिथेच संपली.

"आणि मुलगी?" बाई कडाडल्या. "माझ्या आईला माझ्याशिवाय कोणी नाही! कुठल्या दीडशहाण्याने केलीय ही यादी?"

"ओरडू नका हो ताई," कारकून ओशाळून म्हणाला. "मागच्या आठवड्यात एक दिवस दिसली होती मुलगी. मग कोणीतरी काढून टाकली."