‘कोन्तेसा मारिना’ची चौकट

“मी नाही लावणार,” योना म्हणाले आणि त्यांनी स्क्रूड्रायव्हर जावयाच्या हातात परत दिला.

नताली टेबलावर ग्लास मांडत होती. ती जागीच थांबली. संध्याकाळी सहाला पाहुणे येणार होते. इंग्लंडमधल्या रीडिंग गावातल्या या रेस्टॉरंटसाठी तिने बँकेतली नोकरी सोडली, त्या दिवसापासून तिचे वडील तिच्याशी तुटक बोलत होते. शिकल्यासवरलेल्या मुलीने खानावळ काढावी, हे त्यांना पटले नव्हते. आज ते आले होते ते फक्त मेझूझा लावायला. धर्मग्रंथातल्या ओळींची गुंडाळी घातलेली ही बोटभर चांदीची नळी ज्यू घराच्या दाराला, आत शिरताना उजव्या हाताला, चौकटीवर लावतात. ती लावायचा मान घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचा. ते हो म्हणेपर्यंत नतालीने उद्घाटन पुढे ढकलले होते.

“आता काय झालं?”

“इथे जागा नाही.”

“जागा नाही? एवढी मोठी चौकट आहे, पप्पा!”

चौकट महोगनीची होती. ‘कोन्तेसा मारिना’ या जुन्या इटालियन बोटीवरच्या एका केबिनची. स्कॉटलंडमध्ये बोट मोडीत निघाली तेव्हा तिचे लाकूडकाम एका हॉटेलने उचलले. हॉटेल बंद पडल्यावर ते नताली आणि तिचा नवरा एलियट यांनी घेतले. रेस्टॉरंटचे नावही ‘मारिना’च ठेवले. भिंतींवर बोटीचे फोटो लागले: झुंबरे, पियानो, फरचे कोट घातलेल्या बायका.

“सरळ सांगा ना, लावायचाच नाही म्हणून.” नतालीचा आवाज चढला. “मुलगी लोकांना वाढते, याची लाज वाटते तुम्हाला. तुमच्या डॉक्टर लेकीच्या, टालियाच्या, क्लिनिकला कसे धावत गेलात! तिथे बरी जागा सापडली?”

“नताली, हळू बोल,” तिची आई फ्लोरा किचनमधून म्हणाली. ती परातीत मलिदा कालवत होती. भिजवलेले पोहे, गूळ, ओले खोबरे, वेलची. नव्या जागेत आधी प्रेषित एलियाहू हनाबीच्या नावाने मलिदा, मग बाकीचे सगळे. “आणि अहो, तुम्ही तरी काय! लेकीला रडवायला आलात का इतक्या लांब?”

योनांचा अंगठा चौकटीवर, खांद्याच्या उंचीवर, पुन्हा पुन्हा फिरत होता.

“तिथे दोन होल होता, पप्पा,” एलियट म्हणाला. तो इथेच जन्मला, वाढला. त्याच्या मराठीत बोटसुद्धा पुरुष होती. “मी फिल केला. सँड पण केला. तुम्ही त्याच्यावर लाव ना, कव्हर होईल.”

“एक वर, एक खाली,” योना म्हणाले. “पण एका रेषेत नाहीत. वरचं आतल्या बाजूला सरकलेलं आहे. आणि मधल्या पट्ट्याला जुनं पॉलिश लागलेलंच नाही.”

“कोटाचा हुक असेल!” नताली ओरडली. “काहीही असेल! तुम्हाला निमित्त हवंय फक्त.”

“आपण मराठी ज्यू मेझूझा उभा लावतो. तिरका लावतात ते युरोपातले ज्यू.” त्यांनी एलियटकडे पाहिले. “या बोटीचं सगळं सांग मला. मेन्यूवर छापलंयस तेवढंच नको.”

एलियट गडबडला. “तो जेनोआमध्ये बांधला. फर्स्ट वर्ल्ड वॉरच्या आधी. पुअर इटालियन लोकांना साउथ अमेरिकाला न्यायचा. मग वॉरमध्ये सोल्जर. मग नवीन पेंट, नवीन केबिन, रिच लोक. आणि मग...”

“मग?”

“मग काही नाही, पप्पा. थर्टी-नाइनला व्हिएन्नाचे ज्यू लोक घेऊन निघाला. त्यांना कुठेच उतरू नाही दिलं. नुसता अँकर टाकून उभा. विकणारा माणूस म्हणाला, तो बोअरिंग पार्ट आहे. तिथे काही होत नाही. म्हणून मेन्यूमध्ये नाही घेतला.”

“कुणी उतरू दिलं नाही?”

“ज्याला ज्याला विचारला, त्यांनी.”

“बोअरिंग!” योनांनी तळहात चौकटीवर आपटला. “अरे, प्रवासाला निघालेला माणूस मेझूझा लावत नाही. चार दिवसांच्या केबिनला कोण लावेल? आता इथेच राहायचं, हे कळल्यावर लावतात.”

किचनमधला चमच्याचा आवाज थांबला.

“तू मला हे सांगितलं नाहीस,” नताली नवऱ्याला म्हणाली.

“सांगितला होता, नॅट. तूच म्हणालीस, जेवताना कोण वाचणार, कट इट.”

नतालीने त्याच्या हातातला स्क्रूड्रायव्हर ओढून घेतला आणि चौकटीत खुपसला. भोकांत भरलेली लांबी सुटून तिच्या काळ्या ड्रेसवर सांडली. ती खरवडत राहिली. पॉलिश ओरखडले गेले, तरी थांबली नाही. दोन्ही भोके मोकळी झाल्यावर तिने वडिलांकडे न बघताच हात पुढे केला. योनांनी मेझूझा तिच्या तळहातावर ठेवला आणि दबक्या आवाजात आशीर्वचन म्हटले.

वरचा स्क्रू नीट बसला. खालच्यासाठी नळी जरा तिरकी ओढून घ्यावी लागली.

फ्लोरा मलिद्याचे ताट घेऊन बाहेर आली. “अगं, वाकडा लागला! आपल्यात असा तिरका लावत नाहीत.”

“त्यांच्यात लावतात, मम्मी,” नताली म्हणाली. “घर त्यांचं आहे.”