बारा फूट

मालाच्या लिफ्टचे दार कोणीतरी केव्हाच काढून नेले होते. भिंतीत उरली होती ती दोन माणसे शेजारी उभी राहतील एवढी काळी पोकळी. उंबऱ्याला लोखंडाची एक पट्टी, आणि पट्टीपलीकडे तीन मजल्यांचा अंधार. हवालदारने प्लास्टरचा एक ढपला उचलून आत टाकला. आवाज यायला वेळ लागला. ती नकळत दोन पावले मागे सरली.

वर्गात तिला सगळे हवालदारच म्हणत. विद्यार्थ्यांच्या लघुपटात सुरक्षेचे काम कोणालाच नको असते. तिने ते मागून घेतले होते. बंद पडलेल्या या छापखान्यातला गंजलेला जिना, लोंबणाऱ्या तारा, फुटक्या काचा, सगळे तिने आठवडाभर फिरून सुरक्षेच्या तक्त्यात टिपले होते. आज पाचपर्यंत तिच्या सहीचा तक्ता सरांकडे पोचला नाही, तर उद्याचे चित्रीकरण रद्द.

"झाली का तपासणी, हवालदारसाहेब?" दिग्दर्शकाने लांबून विचारले. "का त्या भोकाचा जबाब पण नोंदवून घ्यायचाय?"

"ती कुठे थांबणार, ते आधी दाखव."

ती म्हणजे दिग्दर्शकाची मावसबहीण. अकरावीतली, कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदाच उभी राहणारी. रिकाम्या दालनाच्या दुसऱ्या टोकापासून तिने पोकळीच्या दिशेने चालत यायचे आणि खडूच्या फुलीवर थांबायचे, एवढेच तिचे काम. हवालदारने उंबऱ्यापासून फुलीपर्यंत टेप लावली. बारा फूट. पुन्हा मोजले. बाराच. तिने तक्त्यात लिहिले : अभिनेत्री, अंतर बारा फूट, धोका नाही.

"चला, एकदा करून बघू," दिग्दर्शक म्हणाला आणि कॅमेरा सांभाळणाऱ्या मुलाकडे वळला. "भिंग, ट्रायपॉड नको. कॅमेरा हातात घे. तिच्या समोर राहा आणि उलटा चालत ये. ती थांबली तरी तू थांबू नकोस, मागे मागे जात राहा. एकटं पाडायचंय मला तिला."

"पाडतो की. माणसांना एकटं पाडण्यात माझा हातखंडा आहे," जाड चष्म्यामुळे भिंग झालेला मुलगा म्हणाला. "आमच्या आईला विचार."

हवालदारने हे सगळे ऐकले. पण ते कॅमेऱ्याविषयी होते, आणि कॅमेरा हा भिंगचा विषय. ती फुलीच्या बाजूला, कॅमेऱ्याला दिसणार नाही अशी भिंतीलगत उकिडवी बसली. दिग्दर्शक खांबाआड जाऊन, कॅमेऱ्यातले चित्र मोबाइलवर पाहू लागला.

"अ‍ॅक्शन."

मुलगी चालू लागली. तिच्यापुढे चार फुटांवर भिंग उलटी पावले टाकत होता, डोळा कॅमेऱ्याला चिकटलेला. तो हवालदारच्या समोरून गेला. मागोमाग पांढरे बूट आले, थबकले, नेमके फुलीवर टेकले. हवालदारने तक्त्यावर बरोबरची खूण केली आणि सुस्कारा सोडून मान वर केली.

मुलीचे ओठ विलग झाले होते. डोळे विस्फारले होते, आणि ते कॅमेऱ्याकडे पाहत नव्हते. कॅमेऱ्याच्या पलीकडे पाहत होते.

हवालदारने वळून पाहिले. भिंग अजून मागे जात होता. सावकाश, एकेक पाऊल, कॅमेरा हलू नये म्हणून श्वास रोखून. त्याची टाच आणि लोखंडी पट्टी यांत हातभर अंतर होते. मग वीतभर.

ती किंचाळणारच होती. तो दचकला तर? दचकलेला माणूस मागेच जातो. हाक मारली तर वळेल. धावले तर पोचणार नाही. भिंगने पुढचे पाऊल उचलले.

"कट," ती म्हणाली.

ओरडून नव्हे. दिग्दर्शक म्हणतो तसे, कोरडे आणि सपाट. कट ऐकले की थांबायचे, ही सगळ्यांचीच दोन वर्षांची सवय होती. भिंग जागीच थिजला. उचललेला पाय परत जागेवर आला.

"कट कोण म्हणालं?" दिग्दर्शक खांबाआडून उसळत बाहेर आला. "मला न विचारता..." मग त्याला भिंगच्या टाचेमागची पोकळी दिसली.

"भिंग," हवालदार म्हणाली. तो आवाज तिला स्वतःचा वाटेना. "मागे बघू नकोस. माझ्याकडे ये. सरळ."

"का? काय झालं?" असे म्हणत तो चार पावले आला, आणि मग त्याने मागे वळून पाहिलेच. त्याने कॅमेरा अगदी जपून जमिनीवर ठेवला आणि तो तिथेच बसला.

मग दिग्दर्शकाने मोबाइलवर आत्ताचे दृश्य पुन्हा लावले; बहुधा हातांना काहीतरी काम हवे म्हणून. दालन, धूळ, चालत येणारी मुलगी. ती थांबते. लहान लहान होत जाते. आणि ती लहान होत असताना तिच्या चेहऱ्यावरची भीती मात्र वाढत जाते. चौकटीत पोकळी नव्हती, भिंग नव्हता. तो पाहतच राहिला.

"काय आलंय रे," तो पुटपुटला, आणि लगेच ओशाळला.

"उद्या परत हवं असेल," भिंग जमिनीवरूनच म्हणाला, "तर कॅमेरा तू धर."

हवालदार मुलीजवळ गेली. ती अजून हलली नव्हती. हवालदारने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "तुला तर सगळं दिसत होतं गं. ओरडली का नाहीस?"

मुलीने आधी तिच्याकडे आणि मग भावाकडे पाहिले.

"मला वाटलं, दादा," ती म्हणाली, "शॉटच तसा ठरलाय."